पाळण्यातले पाय आणि ९३ यार्ड

शिकागोजवळच्या नेपरव्हिलला बारा वर्षं राहून मी बर्फ उपसायला शिकलो, शेजाऱ्याशी अर्धा तास नुसत्या हवेवर बोलायला शिकलो, काळ्या पाण्याला कॉफी म्हणायला शिकलो. पण सोमवारी सकाळी माणसाकडे एक मत असावं लागतं, हे मला कळायला २०२४चा सप्टेंबर उजाडला.

मत कशाबद्दल, तर बावीस वर्षांच्या एका मुलाबद्दल.

मुलाचं नाव केलेब विल्यम्स. कॉलेजातली पोरं व्यावसायिक संघांनी आळीपाळीनं उचलायची, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्या एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये शिकागो बेअर्सनी त्याला सगळ्यांत पहिला उचलला. इथला फुटबॉल हातात धरून खेळतात. पाय मुख्यतः पळून जाण्यासाठी असतात. आणि क्वार्टरबॅक म्हणजे त्या एकत्र कुटुंबातला कर्ता. चेंडू त्याच्या हातात येतो, समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याच्या अंगावर धावून येतात आणि चेंडू कोणाला द्यायचा हे त्यानं दोन-अडीच सेकंदांत ठरवायचं. मला उडप्याकडे साधा डोसा की मसाला हे ठरवायला याहून जास्त वेळ लागतो, आणि तिथे वेटर अंगावर येत नाही.

बेअर्सच्या घराण्यात सोन्याचा दिवस शेवटचा उगवला तो १९८६च्या जानेवारीत. न्यू इंग्लंडला ४६-१० असं लोळवून सुपर बोल, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, जिंकला, तेवढाच. एका मोसमात ४००० यार्ड फेकणारा क्वार्टरबॅक ज्यांच्याकडे कधी झालाच नाही, असा बत्तीस संघांतला हा एकटा. क्वार्टरबॅकच्या फेकीनं संघ जितका पुढे सरकला, तितके यार्ड त्याच्या खात्यात. २०१७ला दुसऱ्या क्रमांकावर त्यांनी मिच ट्रुबिस्की हा क्वार्टरबॅक घेतला, तेव्हा पॅट्रिक महोम्स हा दुसरा क्वार्टरबॅक दहाव्या क्रमांकापर्यंत मोकळा बसला होता. महोम्सनं पुढे काय काय जिंकलं ते शिकागोत मोठ्यानं बोलत नाहीत. फार तर, हातचं स्थळ घालवलेल्या आत्यासारखा एखादा म्हातारा सुस्कारा टाकतो.

असा एक म्हातारा आमच्या शेजारी राहतो. नाव सांगत नाही. आई त्यांना दाढीवाले म्हणते, तेच चालवू. आई सहा महिन्यांसाठी आली होती, ऑगस्टमध्ये. सामानात मेतकूट, भाजणी, आणि वातींसाठी भरपूर कापूस. ‘अमेरिकेत कापूस मिळतो गं,’ असं मी म्हणालो होतो. ‘मिळेल की, पण वळवेल का तो?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मोसमातला पहिला सामना ८ सप्टेंबरला, रविवारी दुपारी बाराला. आदल्या दिवशी गणेश चतुर्थी. आमचा गणपती दीड दिवसाचा. दाढीवाल्यांना दरवर्षीसारखं प्रसादाला बोलावलं होतं. ते अठरा नंबरची कोरी करकरीत जर्सी घालून आले, बाप्पांना वाकून नमस्कार केला आणि टीव्ही कुठे आहे ते विचारलं.

टेनेसीनं १७-० आघाडी घेतली, तेव्हा दाढीवाल्यांनी तिसरा मोदक हातात धरला होता आणि त्यांना तो तोंडापर्यंत नेता येईना. पुढे जे झालं ते विचित्रच. विल्यम्सनं २९ वेळा चेंडू फेकला, १४ वेळा तो आपल्या माणसाला मिळाला, एकूण यार्ड ९३. टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेघेपलीकडे पोचवणं, शून्य. आणि तरीही बेअर्स २४-१७ जिंकले! एक टचडाउन समोरच्यांचा पंट, म्हणजे लाथेनं लांब उडवलेला चेंडू, अडवून झालं, दुसरं त्यांच्याच क्वार्टरबॅकनं आमच्या गड्याच्या हातात चेंडू ठेवल्यामुळे. म्हणजे वरातीत नवरदेव घोड्यावरून पडला, पण जेवण झकास झालं. संध्याकाळी मागच्या अंगणात बादलीत विसर्जन केलं. दाढीवाल्यांनी बादलीला हात जोडले आणि मला हळूच विचारलं, ‘हे वर्षातून एकदाच का?’

सोमवारी सकाळची मेट्रा, म्हणजे इथली लोकल. आमच्या मार्गावरची गाडी दुमजली, पण वरचा मजला मधोमध उघडा. खाली उभ्या तिकीट तपासनिसाला वरच्यांची तिकिटं दिसावीत म्हणून ती सोय. त्यामुळे होतं असं, की वरच्या बाकांवरचे लोक खालच्यांशी सज्ज्यातून बोलल्यासारखे बोलतात. डोंबिवलीच्या लोकलमध्ये मी वीस वर्षांपूर्वी गट पाहिले होते: भजनाचे, पत्त्यांचे, सिलेक्टरांचे. इथे पूर्ण डबाच सिलेक्टरांचा. वरून एक जण म्हणाला, ९३ यार्ड म्हणजे काही खेळ नव्हे. खालून उत्तर गेलं की पहिल्या क्रमांकावर निवडलेला नवखा क्वार्टरबॅक मोसमाचा पहिलाच सामना जिंकतो, हे २००२नंतर प्रथमच घडलं. वरून: ते काय त्यानं जिंकलं? मग कोणीतरी पेटन मॅनिंग या जुन्या क्वार्टरबॅकचं नाव काढलं. पहिल्या मोसमात, १९९८ साली, मॅनिंगचे २८ चेंडू समोरच्यांनी पळवले होते आणि संघ १६पैकी ३ सामने जिंकला होता. पुढे तो कुठल्या कुठे गेला. हा मॅनिंग म्हणजे चाहत्यांच्या घरातली त्रिभुवनकीर्ती. पोराला ताप आला की द्यायची एक गोळी.

मी खिडकीतून बाहेर बघत होतो. मला वाटलं होतं, सुटलो.

ऑफिसात साहेबांनी कॉफी ओतताना विचारलं, ‘मग? काय वाटतं आपल्या पोराबद्दल?’ सगळ्यांचे कप हवेत थांबले. मी गाडीतलं वरच्या मजल्यावरचं मत घाईघाईनं उचललं आणि ठेवून दिलं, ‘९३ यार्ड जरा कमीच.’ शांतता. साहेब अत्यंत दुःखानं म्हणाले, ‘अरे, पहिलाच सामना ना त्याचा!’ दिवसभर मला ताटातलं पहिलं मीठ चुकल्यासारखं वागवलं गेलं.

पलीकडच्या टेबलावरच्या एका सज्जनांनी मला शहाणं करायचं मनावर घेतलं. त्यांनी पासर रेटिंग नावाचं प्रकरण समजावलं. या परीक्षेत पैकीच्या पैकी म्हणजे १५८.३. शंभर का नाही, हे विचारलेलं त्यांना आवडलं नाही. विल्यम्सला मिळाले ५५.७. मी घरी जाऊन कागदावर सूत्र मांडलं आणि मला जो शोध लागला, त्यानं माझी झोप उडाली. एखाद्यानं एकही चेंडू आपल्या माणसाला पोचवला नाही, प्रत्येक चेंडू नुसता मातीत मारला, फक्त समोरच्यांच्या हातात जाऊ दिला नाही, तर त्याला ३९.६ मिळतात. आमच्या बोर्डात दहावीला ३५ला पास करायचे! म्हणजे सबंध पेपर कोरा देऊन, फक्त शाई सांडली नाही म्हणून, पोरगं पास होऊन वर साडेचार मार्क शिल्लक. हे मी साहेबांना सांगितलं असतं, पण त्यांनी दहावी शिकागोत केली होती.

दुसरा सामना १५ तारखेच्या रविवारी रात्री, ह्यूस्टनशी. गौरी येऊन गेल्या होत्या, मोदक संपले होते. दाढीवाल्यांनी डबा उघडून पाहिला आणि त्यांचा चेहरा तेव्हाच पडला. आई सोफ्याच्या टोकाला बसून फुलवाती वळत होती. खेळाकडे तिचं लक्ष नसावं असं मला वाटत होतं. थोड्या वेळानं पाहिलं तर स्टीलच्या छोट्या डबीत तिनं काही वाती वेगळ्या काढलेल्या.

‘या कसल्या?’

‘त्या विल्यम्सांच्या मुलाला पाडतात ना, त्या मोजतेय. एकदा पाडला की एक वात. लावीन मेल्याच्या नावानं देवापुढे.’

हातात चेंडू असतानाच क्वार्टरबॅकला आडवा केला की त्याला सॅक म्हणतात. त्या रात्री डबीत सात वाती पडल्या. दोन चेंडूही पळवले गेले. सामना १९-१३ असा गेला.

‘काय रे,’ आई म्हणाली, ‘त्याच्यापुढे ते पाच दांडगे वाकून उभे असतात, ते कोणाचे?’

‘आपलेच.’

‘मग ते करतात काय?’

दाढीवाल्यांनी विचारलं, आजी काय म्हणताहेत. मी म्हणालो, चहा हवाय का विचारतेय.

दुसऱ्या सोमवारी मी तयारीनं गेलो. साहेबांनी विचारायच्या आत म्हणालो, ‘दुसराच सामना, वेळ द्यायला हवा.’ साहेबांनी कप खाली ठेवला. ‘किती वेळ? १९८६पासून देतोय आम्ही!’ मला तेव्हा उमगलं की मत चुकीचं नसतं, शिळं असतं. रविवारी रात्री लागलेलं दही सोमवारी नऊपर्यंत आंबतं, आणि मी दर वेळी आठवड्यापूर्वीचं घेऊन हजर.

तिसरा रविवार पितृपक्षातला. इंडियानापोलिसशी सामना. आईनं बाबांच्या आवडीची खीर केली होती. या वेळी पोरानं ५२ वेळा फेकून ३३ पोचवले, ३६३ यार्ड, बेअर्सच्या इतिहासात नवख्यानं एका सामन्यात केलेले सर्वांत जास्त. आणि सामना हरले, २१-१६! त्यातही एक प्रसंग असा, की टचडाउनची रेघ एका यार्डावर. चौथी, शेवटची संधी. मुसंडी मारून आत घुसायचं सोडून यांनी चेंडू बाजूला टाकला आणि ज्याच्याकडे टाकला तो पळत पळत बारा यार्ड मागे जाऊन पडला.

‘उंबऱ्यापर्यंत आला आणि पायऱ्या उतरून गेला?’ आईनं विचारलं. डबीत चार वाती पडल्या. पहिल्या सामन्याच्या दोन तिनं मला विचारून आधीच घातल्या होत्या. तिनं मोजल्या. तेरा.

सोमवारी माझ्याकडे मतच नव्हतं. वरच्या मजल्यावरचं ऐकलं नव्हतं, खालचं पटलं नव्हतं. साहेबांनी विचारल्यावर तोंडातून आईचंच वाक्य गेलं, ‘तीन सामन्यांत तेरा वेळा पाडलाय त्याला. पुढे पाच जण उभे असतात, ते करतात काय?’

कप पुन्हा हवेत थांबले. मग साहेबांनी टेबलावर थाप मारली. ‘हेच! हेच मी म्हणतोय!’ त्यांनी हे कधीच म्हटलं नव्हतं, पण तेवढ्यानं काय होतं. दुपारपर्यंत माझं मत दुसऱ्या मजल्यावर पोचलं. चार वाजता हिशेब खात्यातली एक बाई खास मला भेटायला आली. तिचं म्हणणं, लाइन, म्हणजे ते पुढचे पाच जण, वाईट आहेच, पण पोरगाही चेंडू फार वेळ धरून ठेवतो. तुमचं काय मत? मी म्हणालो, उद्या सांगतो.

खरा छळ इथून सुरू झाला. त्या सोमवारी रात्री वॉशिंग्टनचा सामना होता आणि ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलेल्या जेडन डॅनियल्सनं २३पैकी २१ चेंडू पोचवले. दोनच चुकले! मंगळवारी सबंध शिकागोची अवस्था, शेजारच्या जोशांच्या मुलाचा निकाल लागल्यावर आपल्या घरात होते तशी. कोणी विल्यम्सचं नाव घेईना, नुसतं ‘त्या मुलाचं बघा’ चाललेलं. मी डबे ठेवायच्या खोलीत जाऊन घरी फोन लावला.

‘आई, दुसऱ्या नंबरवालाच चांगला निघाला म्हणतात. काय सांगू?’

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ‘तुझ्या बाबांचं सांग.’

बाबांचं असं, की सचिन तेंडुलकर पहिला एकदिवसीय सामना खेळला १९८९च्या डिसेंबरात, गुजराँवालाला. शून्य. दुसरा १९९०च्या मार्चमध्ये, डुनेडिनला. शून्य. बाबांनी त्या दिवशी पेपराची घडी घालून चाळीच्या गॅलरीत जाहीर केलं होतं की पोरगा कसोटीपुरता ठीक, पण हा खेळ त्याच्या बसचा नाही. शेजारच्या तीन बिऱ्हाडांनी ऐकलं होतं. मग एकदिवसीयमधलं पहिलं शतक झालं ते १९९४च्या सप्टेंबरात, एकोणऐंशीव्या सामन्यात. त्या दिवशी बाबा पेढे घेऊन आले आणि त्याच तीन बिऱ्हाडांत वाटत म्हणाले, ‘मी पहिल्यापासून सांगत होतो.’ त्यांना कोणी काही म्हटलं नाही. पेढे चांगले होते.

हे मी साहेबांना काय सांगणार! मी म्हणालो, ‘एकोणऐंशी सामने थांबा.’ त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. मोसमात सामने सतरा. एकोणऐंशी म्हणजे साडेचार-पावणेपाच वर्षं. साहेब साठीला आलेले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट जागेवर जाऊन बसलो.

पुढे रॅम्सना हरवलं, कॅरोलायनाला तर ३६-१० धुतलं. बोलायची पद्धत हळूहळू बदलली. ‘त्यांचा क्वार्टरबॅक’चा ‘आपला क्वार्टरबॅक’ झाला, मग ‘केलेब’, मग नुसतंच ‘पोरगं’. गाडीत वरच्या मजल्यावरचा तो ९३ यार्डवाला आता खाली येऊन बसू लागला.

सहावा सामना लंडनला होता, १३ ऑक्टोबरला, जॅक्सनव्हिलशी. म्हणजे आमच्याकडे सकाळी साडेआठ. आदल्या दिवशी दसरा झाला होता. आपटा इथे कुठला. मुलीनं हिरव्या कागदाची पानं कापली होती, त्यातली दोन दाढीवाल्यांनी टोपीला खोचली होती. आईनं शिरा केला. पोरानं चार टचडाउन फेकले. ३५-१६. दाढीवाले चौथ्याला सोफ्यावरून उठले ते खाली बसलेच नाहीत. माझ्या फोनवर साहेबांचा निरोप आला, त्यात नुसती उद्गारचिन्हं.

सामना संपल्यावर दाढीवाल्यांनी शिऱ्याची वाटी पुसून खाल्ली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘तुला आठवतंय ना? तुमच्या त्या बादलीच्या दिवशीच मी म्हणालो होतो. मी पहिल्यापासून सांगत होतो.’

आईला इंग्रजी कळत नाही असा आमचा सगळ्यांचा समज. तिनं डबीचं झाकण लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘अगदी तुझे बाबा.’

‘आजी काय म्हणाल्या?’ दाढीवाल्यांनी विचारलं.

‘म्हणतेय, तुम्ही अगदी पहिल्यापासून सांगत होतात,’ मी म्हणालो, आणि त्यांना आणखी शिरा वाढला.