हेक्युबाने आधी न्याय मागितला होता

नमस्कार. युरिपिडीसच्या 'हेक्युबा' या ग्रीक नाटकावरच्या माझ्या लेखाला इतकी सविस्तर आणि तिखट प्रतिक्रिया दिलीत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ट्रॉय पडल्यावर ग्रीकांची बंदी झालेल्या राणी हेक्युबाचा थ्रेसचा राजा पॉलिमेस्टरने विश्वासघात केला हे खरं, पण त्याच्या दोन लहान मुलांचा काय दोष? त्यांना मारून हेक्युबा त्याच्याच पंगतीला बसली, म्हणून तर शेवटी ती कुत्री होणार असं भाकीत आहे. द्रौपदीने पाच मुलगे गमावूनही अश्वत्थाम्याच्या मण्यावर भागवलं. मी मात्र सूडाची वकिली केली.

कुत्रीचं आधी संपवू. भाकीत करतो कोण, तर हेक्युबाने डोळे फोडलेला पॉलिमेस्टर, आणि तेही खटला हरल्यावर. ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉन बायकोच्या हातून मरणार हेही तो तिथेच सांगून टाकतो. भाकीत खोटं नसेल, पण शत्रूच्या तोंडचं वाक्य म्हणजे युरिपिडीसचा निकाल नव्हे. हेक्युबाचं उत्तर बघा: तुला शिक्षा झाली ना, मग मला कसलीच पर्वा नाही.

माझा खरा मुद्दा नाटकातल्या घटनाक्रमाचा होता आणि तुम्ही नेमका तोच ओलांडून पुढे गेलात. पहिला घात पॉलिमेस्टर करत नाही, ग्रीक सरदार ओडिसियस करतो. मेलेला ग्रीक वीर अकिलीस याच्या थडग्यावर बळी द्यायला तो हेक्युबाची मुलगी पॉलिक्सेना हिला न्यायला येतो. हाच माणूस पूर्वी फाटक्या वेशात ट्रॉयमध्ये हेरगिरीला आला होता, पकडला गेला होता आणि हेक्युबाचे पाय धरून जिवंत सुटला होता. ती आठवण करून देते. तो काही नाकारत नाही. तुझा जीव वाचवायला मी तयार आहे, म्हणतो, पण मुलगी सैन्याला कबूल केली आहे. उपकाराची अशी काटेकोर मोजणी मला पॉलिमेस्टरच्या लोभापेक्षाही भयंकर वाटते.

मग मुलीच्या प्रेताला अंघोळ घालायला समुद्राचं पाणी आणायला गेलेली दासी हेक्युबाच्या धाकट्या मुलाचं, पॉलिडोरसचं, प्रेत घेऊन येते. हेक्युबाचा नवरा राजा प्रायम याने त्याला सोन्यासकट पॉलिमेस्टरकडे, थ्रेसच्या या जुन्या स्नेह्याकडे, सुरक्षित राहायला धाडलं होतं. ट्रॉय पडल्याचं कळताच स्नेह्याने सोनं ठेवलं आणि पोराला मारून पाण्यात फेकलं. पाहुण्याचा घात म्हणजे ग्रीकांच्या लेखी थेट देवराज झ्यूसविरुद्धचा अपराध.

तरीही हेक्युबा लगेच सुरी उचलत नाही. ती अ‍ॅगमेम्नॉनपुढे गुडघे टेकते. देवांचा, कायद्याचा हवाला देते आणि शेवटी, माझी मुलगी कॅसॅन्ड्रा तुझ्या शेजेला आहे, तिची तरी लाज राख, इथपर्यंत उतरते. (हा भाग मला कधीच सलग वाचवत नाही.) तो म्हणतो, तुझं बरोबर आहे, पण सैन्य पॉलिमेस्टरला मित्र मानतं, मला उघड मदत करता येणार नाही. यावर ती जे बोलते ते अख्ख्या नाटकाचं मर्म आहे: कुणीच मोकळा नाही, कुणी पैशाचा गुलाम, कुणी नशिबाचा, कुणी जमावाचा. मग ती एवढंच मागते, काय ते मी करते, तू फक्त आड येऊ नकोस, आणि तो कबूल होतो.

आता द्रौपदी. तिने हट्ट धरताच भीम रथात बसला, मागोमाग कृष्ण आणि अर्जुन निघाले. ज्याच्यासाठी कुणीतरी रथ जोडतं, त्याला मण्यावर थांबता येतं. हेक्युबाचा नवरा मेलेला, थोरला मुलगा हेक्टर मेलेला आणि शेवटचा आधार पॉलिडोरस प्रेत होऊन किनाऱ्याला लागलेला.

इ.स.पू. 458च्या 'ओरेस्टिया'त नाटककार एस्किलसने सूडाची साखळी तोडायला अथीना देवीकरवी न्यायसभा बसवली. 'हेक्युबा' इ.स.पू. 424च्या सुमाराची. इथेही शेवटी खटला आहे, दोन्ही बाजूंची भाषणं आहेत, फक्त न्यायाधीशाने, म्हणजे अ‍ॅगमेम्नॉनने, आधीच डोळेझाक कबूल केलेली आहे आणि शिक्षाही होऊन गेलेली आहे. इ.स.पू. 427मध्ये, अथेन्स आणि स्पार्टाच्या युद्धात, स्पार्टाने शरण आलेल्या प्लाटिया या अथेन्सच्या मित्रनगरातल्या लोकांना एकच प्रश्न विचारला, या युद्धात तुम्ही आमच्या काय उपयोगी पडलात, आणि निदान 200 जणांना मारलं. असला 'न्याय' अथेन्सच्या प्रेक्षकांना नवा नव्हता.

राहिली मुलं. त्यांच्या बाबतीत तुमचा संताप मला मान्य आहे, आणि युरिपिडीसलाही असावा. म्हणून तर तो प्रसंग त्याने बापाच्याच तोंडी दिला: तंबूतल्या बायका त्याच्या वस्त्राची वीण वाखाणत होत्या, पोरांना कौतुकाने या हातातून त्या हातात देत बापापासून लांब नेत होत्या, आणि एकदम कपड्यांतून सुऱ्या निघाल्या. पण अ‍ॅगमेम्नॉनचा निकाल पुन्हा वाचून बघा. पाहुण्याला मारणं आम्हा ग्रीकांत लाजिरवाणं समजतात, असं तो पॉलिक्सेनाला मारून आलेल्या सैन्याचा सेनापती ऐकवतो. त्या दोन पोरांबद्दल मात्र एक अक्षर नाही. तुमच्या प्रतिक्रियेतही अ‍ॅगमेम्नॉनबद्दल एक अक्षर नाही, एवढीच माझी तक्रार.