पाहुणे हवेत, हवेत तरंगणारे

तुमच्या घरात एक खोली रिकामी आहे. मुलगा बंगळुरूला गेला, सासूबाई देवाघरी गेल्या, खोली तशीच पडून आहे. त्यात ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि उलव्यापासून घोडबंदरपर्यंत ज्याच्याकडे म्हणून एक पलंग जास्तीचा आहे, त्या प्रत्येकाला वाटायला लागलं की आपणही आता 'होस्ट' व्हावं. जरूर व्हा. खोली द्या, सकाळी न्याहारी द्या, पैसे घ्या. अडचण एवढीच आहे की पाहुणे शरीरासकट येतात. त्या शरीराला घाम येतो, डोक्याला तेल असतं, हाताला काहीबाही लागलेलं असतं. आणि तुमचा सोफा पांढरा आहे.

घाबरू नका. या विषयाचा दोन रात्रींचा निवासी अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला आहे. भाच्याचं लग्न ठाण्यात होतं. आमच्या टू बीएचकेत आधीच चौदा माणसं, म्हणून सांगलीहून आलेल्या माझ्या आत्याची सोय घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला एका बंगल्यात केली. आत्याचं वय शहात्तर. रात्री एकटीला ठेवायचं नाही म्हणून सोबतीला मी. तसं नौपाड्यात मी सव्वीस वर्षं पडदे, अभ्रे आणि सोफ्याच्या खोळी शिवून दिल्या आहेत, त्यामुळे सामान कसं जपावं यातलं मला थोडंफार कळतं असा माझा समज होता. तो त्या बंगल्याच्या उंबऱ्यावरच उतरवून ठेवावा लागला. चपलांच्या शेजारी.

तर सुरुवात गादीपासून करा. गादीवर जाड प्लॅस्टिक घाला. पारदर्शक मिळालं तर उत्तम, खालच्या गादीची फुलं दिसतात आणि आपण काय गमावतोय ते पाहुण्याला कळतं. त्यावर एकच पातळ चादर. ठाण्याचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. दिवे घालवले की दहाव्या मिनिटाला पाठीखाली तळं साचतं आणि कूस बदलली की कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडल्यासारखा आवाज होतो. आत्या कूस बदलायची, मी जागी व्हायचे. मी बदलायचे, आत्या विचारायची, "काय खातीयेस गं?" वरून सुती टर्किश कापड आणि खालून पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा असलेलं गादीचं कव्हर बाजारात मिळतं. त्यातून वाफ बाहेर जाते, पाणी खाली उतरत नाही, आवाज होत नाही आणि धुताही येतं. डबलबेडचं हजार-दीड हजारात येतं. पण ते घेऊ नका. ते घातलं तर पाहुणा झोपेल.

मग पाट्या लावा. आमच्या खोलीत अकरा होत्या, सगळ्या लॅमिनेट केलेल्या. ओले केस उशीला टेकवू नयेत. बॅग पलंगावर ठेवू नये. टॉवेलला मेकअप पुसू नये. पडदे जोरात ओढू नयेत. बारावी आरशावर होती, "हात लावू नये", पण ती आरशाबद्दल होती की आपल्याबद्दल ते शेवटपर्यंत कळलं नाही. आत्याने चष्मा लावून सगळ्या मोठ्याने वाचल्या आणि म्हणाली, "देवळात याच्यापेक्षा कमी असतात."

केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची घरगुती निवास-न्याहारीची योजना आहे. सहा खोल्या आणि बारा खाटांपर्यंत परवानगी, मालकाने त्याच घरात राहायचं, म्हणजे पाहुण्याला घरपण मिळतं अशी त्यामागची भाबडी कल्पना. तिच्यात सुवर्ण आणि रौप्य अशा श्रेणी असतात. तुम्ही लॅमिनेशन श्रेणीसाठी अर्ज करा.

सोफ्यावर कुणी बसू नये म्हणून त्यावर उशा रचा. सात पुरेत.

हॉलमध्ये सागवानी झोपाळा असलाच पाहिजे. पितळी कड्या, पाठीला कोरीव मोर. जाहिरातीतल्या पहिल्या फोटोत तोच घाला, कारण माणसं तो बघूनच खोली घेतात. आम्हीही घेतली. पाहुणे आले की त्याला या कडीपासून त्या कडीपर्यंत वस्तुसंग्रहालयातल्यासारखी जाड लाल दोरी बांधा. आत्याच्या सांगलीच्या घरात झोपाळा आहे. त्यावर ती लग्न होऊन आली तेव्हापासून शेंगा सोलते. इथे ती त्या दोरीपाशी दोन मिनिटं उभी राहिली, एका बोटाने कडी हलवून बघितली आणि म्हणाली, "तेल नाही घातलंय." मालकीणबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

आम्ही डोक्याच्या तेलाचं नाव काढलं असं त्यांना वाटलं. कारण तेलाची वेगळी पाटी होती. डोक्याला तेल लावून झोपू नये. आता हे मी समजू शकते, खोटं कशाला बोलू. आमच्या नौपाड्याच्या जुन्या घरात, आजोबा टेकून पेपर वाचायचे तिथे भिंतीवर एक तेलकट गोल होता. घराला दोनदा रंग काढला, दोन्ही वेळा पावसाळ्यानंतर आजोबा परत उगवले. तेल चिवट असतं. पण म्हणून आपण पलंगाच्या डोक्याशी धुता येईल अशी खोळ लावतो, बटणं सोडली की निघणारी. शहात्तर वर्षांच्या बाईला शांपू करून झोप म्हणून सांगत नाही.

टिपॉयवर चहाचा कप ठेवू देऊ नका. बशीत ठेवला तरी नको.

न्याहारीचं धोरण मात्र मला मनापासून आवडलं. पोहे पांढरे. मी आधी समजले की दहीपोहे आहेत. नाही, साधे कांदेपोहेच होते, फक्त हळद नव्हती, कारण हळदीने नॅपकिन खराब होतात. चटणी नाही, लोणचं नाही, सॉसची बाटली कपाटात कुलूपबंद. उपमा पांढरा, इडली पांढरी, खुर्च्यांच्या खोळी पांढऱ्या, बाईंचा चेहरा आम्ही खुर्चीत बसताना पांढरा. सगळं कसं एकात एक मिसळून गेलेलं.

इथे एक गोष्ट कबूल करते, नाहीतर म्हणाल ही एकाच बाजूचं बोलते. पाहुणे काही कमी नसतात. किटलीत मॅगी शिजवणारे मला माहीत आहेत. पलंगावरच इस्त्री करून गादीला त्रिकोणी भोक पाडणारे माहीत आहेत. केसांना काळा रंग लावून पांढऱ्या टॉवेलने डोकं बांधणारे तर माझ्या नात्यातच आहेत. त्यावर इलाजही सोपा आहे, दोन काळे टॉवेल जास्तीचे ठेवायचे. पण अशा माणसांमुळे तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाकडे चोर आला म्हणून बघणार असाल, तर खोली भाड्याने देऊ नका, लॉकर द्या.

आता मुख्य धडा. डाग पडल्यावर काय करावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याची हळद होती. आत्याने त्याला हळद लावली, मग मुलांनी आत्याला लावली, ती हात-तोंड धुऊन दुपारी माझ्याबरोबर बंगल्यावर आली. नखांत आणि बांगड्यांखाली थोडी राहिलीच. जेवणाच्या टेबलाची खुर्ची धरून ती बसली. गुडघ्यांचं दुखणं आहे, धरल्याशिवाय बसता येत नाही. खुर्चीच्या पाठीवर चार बोटं उमटली. फिकी पिवळी, लहान मुलाने रंगवल्यासारखी. मालकीणबाईंना ती माझ्या आधी दिसली.

आता तुम्ही असता तर काय केलं असतं? चुकीचं. बाईंनी बरोबर केलं. त्यांनी कपडे धुण्याचा साबण आणला आणि ती चार बोटं खसाखसा घासली. आणि डोळ्यांदेखत ती चारही बोटं लालभडक झाली. बाई किंचाळल्या. "हे रक्त आहे! यांच्या हाताला लागलंय काहीतरी!" आत्या आपले हात उलटेसुलटे करून बघायला लागली.

हळद, साबण, लाल. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा प्रयोग असतो. हळदीला साबण-चुन्यासारखं अल्क लागलं की ती लाल होते, पोरं हळदीचे कागद करून वर्गात बुडवतात. घरी कुंकू करायचे तेव्हा हळदीला याच युक्तीने लाल करायचे. आणि ही आत्या सांगलीची, जिथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जिच्या सासऱ्यांचं आयुष्य हळदीच्या पेठेत गेलं. ती शांतपणे म्हणाली, "पोरी, साबण लावलास म्हणून लाल झालीय. लिंबू पिळ, परत पिवळी होईल. साबण काढून टाक, साध्या पाण्याने धू आणि गच्चीवर कडक उन्हात टाक. सूर्यच खातो तिला." हे खरं आहे. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. मी सव्वीस वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगितलंय. लग्नसराईत निम्म्या खोळी पिवळ्या होऊनच यायच्या, दोन-तीन दिवस कडकडीत ऊन मिळालं की कुठे डाग होता ते बोटाने दाखवता यायचं नाही. मे महिना, ठाणे, डोक्यावर गच्ची, दुपारचे दोन. आणखी काय हवं होतं?

बाईंनी मोबाइल काढला. चार फोटो काढले, एक लांबून, तीन जवळून, एकात आत्याचा हातही घेतला. पुरावा. मग खोळ काढून घडी करून कपाटात ठेवली. उन्हात नाही, कपाटात! ओली! आणि अनामत रकमेतून २,५०० रुपये कापले. खोळीचं कापड मी चिमटीत धरून बघितलं होतं, साधं कॉटन कॅनव्हास, शिलाईसकट सहाशेच्या वर मी कधी घेतले नसते. शिलाईही तिरकी होती. म्हटलं, "अहो बाई, एक दिवस थांबा, डाग जाईल." तर म्हणे, "नियम म्हणजे नियम, पाटी क्रमांक सात." हळदीला चुना लागला की हळद लाल होते, गिऱ्हाइकाला लागला की गिऱ्हाईक.

त्या रात्री आत्या पलंगावर झोपली नाही. मला डुलकी लागली होती. तीनच्या सुमाराला जाग आली तर शेजारी कुणी नाही. खाली बघितलं. स्वतःच्या पिशवीतली चादर फरशीवर अंथरून, हाताची उशी करून निजली होती. हलवलं तर म्हणाली, "असू दे, फरशी गार आहे. आणि इथे कुठे पाटी नाही." सकाळी उठताना तिला मला आणि पलंगाच्या पायाला, दोघांना धरावं लागलं. गुडघा लग्नात पूर्णवेळ सुजलेला. अक्षता तिने खुर्चीतूनच टाकल्या.

अहो बाई, लाज वाटत नाही का? रोजचे साडेतीन हजार घेता ते कशाचे? ते तुमच्या खुर्चीवर कुणी बसणार म्हणूनच असतात. खोळ मळणार, चादर विरणार, कपाचं वर्तुळ उठणार, त्याची भरपाई त्या भाड्यातच धरलेली असते. नसेल धरली तर भाडं वाढवा, दारात सांगा, परवडलं तर आम्ही येऊ. त्या टिपॉयला लाखेचं पॉलिश आहे, गरम कपाने त्यावर पांढरं वर्तुळ येणारच. पॉलिशवाला स्पिरिटचा बोळा फिरवतो आणि ते जातं. नाहीतर एकदा मेलामाइनचं पॉलिश मारून घ्या आणि माणसाला बसून चहा पिऊ द्या. झोपाळा तुमच्या सासूबाईंची आठवण आहे म्हणता ना? मग तो वरच्या मजल्यावर तुमच्या खोलीत न्या, पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर बांधून कसला ठेवता? आणि न्यायचा नसेल तर जाहिरातीतून काढा. ज्याला डाग पडला तर तुमचा जीव जातो ते भाड्याच्या खोलीत ठेवायचंच नाही. उरलेलं सगळं धुता येईल असं घ्यायचं आणि जास्तीचा एक जोड शिवून ठेवायचा. एवढं साधं आहे. माझ्या दुकानात येणाऱ्या खानावळवाल्यांनाही ते कळायचं. तुम्हाला माणसं नकोच आहेत, तुम्हाला फक्त त्यांचे पैसे हवेत. म्हातारी बाई तुमच्या घरात पैसे भरून फरशीवर झोपली आणि निघताना तुम्ही आधी खुर्च्या मोजल्यात.

ती खोळ अजून कपाटात असेल तर बाहेर काढा. ओली ठेवलीत, बुरशी धरली असेल, ते मात्र तुमचं तुम्ही बघा. साध्या पाण्याने दोनदा खळबळा, पिळू नका, गच्चीवर दोरीवर टाका. पाऊस यायच्या आत, अजून थोडे दिवस ऊन आहे. डाग गेला की फोटो काढा, एक लांबून, तीन जवळून. आणि २,५०० रुपये परत पाठवा. नंबर तुमच्याकडे आहेच.