छोटा प्रोजेक्ट म्हणे!
लेखात म्हटलंय की दोन-तीन बिल्डिंगच्या छोट्या प्रोजेक्टने पर्यावरणाला असा कितीसा फरक पडणार, तर एकदा या आमच्याकडे ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीला. २००६ च्या नियमाप्रमाणे २०,००० चौरस मीटरच्या आतलं बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागतच नाही, मग काय, सगळेच छोटे! आमच्या मागच्या प्लॉटमधून डोंगरावरून येणारा ओहोळ जायचा, भराव टाकून तो दोन फुटी पाइपात कोंबला, आता जुलैत पाणी थेट आमच्या पार्किंगमध्ये, स्कूटरच्या सीटपर्यंत. आणि उन्हाळ्यात त्याच नव्या सोसायटीच्या गेटवर टँकर. झाडांचं पुनर्रोपण केलं म्हणे, नुसते खुंट उभे आहेत, वॉचमन त्यावर दोरी बांधून कपडे वाळत घालतो. पाणी मुरणार कुठे, कंपाउंडपर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकलेत.