दहा आठवड्यांनंतर नाकपुड्या वरखाली दिसतात: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुम्ही लिहिलंय की नाकाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेला दहा आठवडे झाले, उजवी नाकपुडी वर ओढल्यासारखी दिसते आणि शेंडा किंचित डावीकडे गेलाय. फोन केल्यावर ‘सूज आहे, थांबा’ एवढंच सांगून सहाव्या महिन्याची तारीख देण्यात आली. फोनबद्दलची तुमची तक्रार शंभर टक्के बरोबर आहे. नाक न बघता ती सूजच आहे असं कुणालाही सांगता येत नाही. तुम्हाला त्याच आठवड्यात तपासणीला बोलवायला हवं होतं. ते झालं नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुमच्या फाइलमधलं काहीही इथे लिहिणार नाही, तुम्ही स्वतः मांडलंय तेवढ्यावरच बोलतो.

दुसऱ्या खेपेला सूज जास्त रेंगाळते, हे खरं आहे. पहिल्या शस्त्रक्रियेचा व्रण आत असतो, त्यामुळे त्वचा कूर्चेपासून (नाकातल्या मऊ हाडापासून) सहज सुटत नाही, व्रणातून सोडवावी लागते. सुजेचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या दुसऱ्यांदा कापल्या जातात. ज्या बाजूला जास्त काम झालं किंवा ग्राफ्ट (दुसरीकडून काढून लावलेला कूर्चेचा तुकडा) बसवला, ती बाजू जास्त फुगते. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर शेंड्याची सूज पूर्ण उतरायला साधारण वर्ष जातं. दुसऱ्या खेपेला १२ ते १८ महिने धरावे लागतात आणि त्वचा जाड असेल तर त्याहूनही जास्त.

पण सुजेची एक खूण असते, ती बदलत राहते. सकाळी उठल्यावर जास्त, संध्याकाळी कमी. ज्या कुशीवर झोपलात तिकडे जास्त. खारट जेवणानंतर किंवा उन्हातून आल्यावर वाढते. कूर्चा सरकली असेल किंवा व्रण आकसत असेल तर दिवसभरात असा फरक पडत नाही. वाकडेपणा सकाळ-संध्याकाळ तसाच राहतो किंवा आठवड्यामागून आठवडे एकाच दिशेने वाढतो.

नाकपुडीबद्दल मला जास्त काळजी वाटते आणि ती स्पष्ट सांगतो. सुजेने नाकपुडीची कड सहसा जाड होते, वर ओढली जात नाही. कड वर जाते ती बहुतेक वेळा आतला व्रण आकसल्याने किंवा कडेला आधार देणारी कूर्चा कमी पडल्याने. म्हणून तुमच्या बाबतीत ‘थांबा’ हे उत्तर पुरेसं नव्हतं. आणखी एक शक्यताही तपासायची आहे: उजवी जागेवरच असेल आणि डावी सुजून खाली लोंबत असेल, तरी आरशात उजवीच वर गेल्यासारखी दिसते. नाक खालून पाहिलं, दोन्ही कडांची जाडी हाताला कशी लागते ते बघितलं, की हे बरंचसं उलगडतं. शेंड्याचंही तसंच. हलकं दाबल्यावर मऊ लागतो, खळगा पडतो, तर सूज. टणक कड लागली तर कूर्चा. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याचं पुढचं टोक मध्यावर आहे का तेही बघावं लागतं, आणि ग्राफ्ट बरगडीच्या कूर्चेचा असेल तर तो वाकला नाही ना, हेही. हे दाबून बघण्याचं काम आमच्याकडे सोडा. घरी वारंवार दाबल्याने सूज वाढते.

तुम्ही रोज सेल्फी काढून तुलना करता असं लिहिलंय. त्यात एक अडचण आहे. सुमारे ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतं, असं २०१८ च्या एका अभ्यासात गणिताने दाखवलं गेलं. कॅमेरा जरासा तिरका धरला तरी एक नाकपुडी वर जाते. त्यापेक्षा दुसऱ्या कुणाकडून दीड मीटरवरून झूम करून फोटो काढून घ्या. खिडकीकडे तोंड, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला. एक समोरून, एक मान मागे करून खालून. महिन्यातून एकदाच, त्याच वेळी.

इंजेक्शन का दिलं नाही, असं विचारलंय. ट्रायअ‍ॅमसिनोलोन हे स्टेरॉइड शेंड्याच्या वरच्या जाड व्रणावर उपयोगी पडतं. ओढलेली नाकपुडी किंवा वाकलेली कूर्चा त्याने सरळ होत नाही. डोस जास्त झाला किंवा लवकर लवकर दिला तर त्वचा पातळ होऊन खड्डा पडतो, आणि दोनदा उचललेल्या त्वचेला हा धोका जास्त. सुधारणेची शस्त्रक्रियाही सहसा १२ महिन्यांआधी करत नाही, कारण तोवर व्रण कडक असतो आणि आकार अजून बदलत असतो. ग्राफ्ट स्पष्टपणे सरकला असेल किंवा जंतुसंसर्ग असेल तर मात्र इतकं थांबत नाही.

नाकाला मार लागून आकार अचानक बदलला, ताप आला, नाक लाल होऊन ठणकायला लागलं, पू आला, त्वचा पांढरी किंवा काळपट पडली, ग्राफ्टची कड त्वचेतून दिसायला लागली, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी या. रात्र असेल तर जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

सगळा फरक निघून जाईल असं आश्वासन मी देणार नाही. चेहऱ्याच्या दोन बाजू मुळातच सारख्या नसतात, म्हणून शस्त्रक्रियेआधीचे फोटो समोर ठेवूनच बोलू. मात्र तपासणीत दोष रचनेचा निघाला तर त्याला सूज म्हणणार नाही. नाकपुडीच्या कडेला कानाच्या कूर्चेचा ग्राफ्ट, गरज पडल्यास त्वचेसकट, हा उपाय असतो. त्याची वेळ आणि मर्यादा तेव्हाच लेखी देऊ.

या आठवड्यात तुम्हाला सोयीच्या वेळी या, तपासणीचे पैसे घेणार नाही. मी स्वतः बघेन. येताना पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद आणा, त्यात कोणती कूर्चा काढली ते असतं. रोजचा चष्माही आणा. तो नाकावर एका बाजूला दाबतो का ते बघू. आणि तोवर एक लक्षात ठेवून या: उजव्या बाजूने श्वास घेताना अडतं का, आणि गाल बोटाने हलकेच बाहेर ओढला की मोकळं वाटतं का.