रहस्य कळल्यानंतरचं वाचन

तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. माझ्या आवडत्या रहस्यकथा, भयकथा आणि चित्रपटांवरच्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. गंभीर कथा लिहिणाऱ्या बाईने खुनाच्या आणि भुताखेतांच्या गोष्टींना गुरू मानावं, हे तुम्हाला खटकलं. दुसरा आक्षेप जास्त नेमका आहे: ‘रहस्य एकदा फुटलं की पुस्तक संपलं. जे दुसऱ्यांदा वाचवत नाही ते साहित्य कसलं?’

पहिल्यावर वाद घालत नाही. कोणी कोणाकडून शिकावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. दुसऱ्याला मात्र उत्तर द्यायलाच हवं, कारण तुमची कसोटी मला पूर्ण मान्य आहे. त्या लेखातली यादी मी त्याच कसोटीवर केली होती.

रुथ रेंडेल यांची ‘अ जजमेंट इन स्टोन’ (1977) घ्या. पहिल्याच वाक्यात लेखिका सांगून टाकतात की युनिस पार्चमनने कव्हरडेल कुटुंबाला ठार मारलं, आणि ते तिला लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणून. खुनी कोण, मेलं कोण, कारण काय, सगळं उघड. तुमच्या हिशोबाने कादंबरी तिथेच संपायला हवी. पण खरी सुरू होते ती तिथूनच. युनिस त्या घरात कामाला लागते, घर लखलखीत ठेवते, मंडळी खूश असतात. आणि त्या घरात जिकडेतिकडे अक्षरं आहेत. पुस्तकं, याद्या, चिठ्ठ्या. मालकिणीने बाहेर जाताना चार ओळी लिहून ठेवल्या तरी आपल्या पोटात गोळा येतो. कागदाच्या चिटोऱ्याची भीती वाटू शकते, हे मला या पुस्तकाने दाखवलं. त्या लोकांनी युनिसचा छळ केलेला नाही. ते तिच्याशी बऱ्यापैकी चांगलंच वागतात, आणि त्यांचा तो चांगुलपणाच तिला कोंडीत पकडत जातो. पुढे काय होणार हा प्रश्न पहिल्या ओळीलाच निकालात निघालेला असतो. उरतो तो एवढाच की आता तरी कोणाच्या लक्षात येईल का? कितव्याही वाचनात तो तितकाच छळतो.

फ्रेंच दिग्दर्शक क्लोद शाब्रोलने याच कादंबरीवर 1995 मध्ये ‘ला सेरेमोनी’ हा चित्रपट केला, आणि नेमकं ते पहिलं वाक्यच काढून टाकलं. बाईला वाचता येत नाही हे प्रेक्षकाला हळूहळू उमगतं, शेवट काय ते तर शेवटीच. कथा लिहिणाऱ्यांनी ही जोडी शेजारी-शेजारी ठेवून पाहावी असं मला फार वाटतं. घटना जवळपास त्याच, माणसंही तीच. वाचकाला कधी सांगायचं एवढा एकच निर्णय बदलला आणि अख्खी कलाकृती बदलली. कोणत्याही कथेत हा निर्णय असतोच, तुम्ही ज्यांना गंभीर म्हणता त्यांतही. पण तो उघड्यावर घेतलेला मी पहिल्यांदा पाहिला तो रहस्यकथेत. आणि ही काही एकट्या रेंडेल यांची लहर नव्हे. ऑस्टिन फ्रीमनच्या ‘द सिंगिंग बोन’ (1912) मधल्या बहुतेक कथांत आधी आपल्या डोळ्यांदेखत गुन्हा घडतो आणि मग तपास सुरू होतो.

आता अॅगाथा ख्रिस्ती. ज्यांनी ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’ (1926) वाचलेली नाही त्यांनी हा परिच्छेद गाळावा. निवेदक डॉक्टर शेपर्ड अॅक्रॉइडच्या अभ्यासिकेतून निघतो ती जागा आठवा. पत्र आलं तेव्हा नऊला वीस मिनिटं होती, तो निघाला तेव्हा नऊला दहा, आणि पत्र अजून वाचून व्हायचं होतं. दाराच्या मुठीवर हात ठेवून तो मागे वळून पाहतो: काही करायचं राहिलं तर नाही ना? पहिल्या वाचनात आपल्याला काळजी करणारा डॉक्टर दिसतो. खुनी तोच हे माहीत असताना, दुसऱ्या वाचनात मधली दहा मिनिटं दिसतात. त्या ओळींत एक शब्दही खोटा नाही. त्या ओळी दुसऱ्यांदा येणाऱ्या वाचकासाठीच लिहिल्या आहेत, असं मी ठामपणे म्हणेन.

‘सायको’बद्दल (1960) मात्र तुमच्याशी अर्धी सहमत आहे. चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नका, असा हिचकॉकचा आग्रह होता, म्हणजे धक्का हाच त्याचा विकायचा माल होता. शेवटाकडे मानसोपचारतज्ज्ञ जे लांबलचक स्पष्टीकरण देतो, ते दुसऱ्यांदा पाहताना खरंच रटाळ वाटतं. पण मोटेल चालवणारा नॉर्मन तिथे उतरलेल्या मॅरियनला खायला देतो आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांखाली बसून आईबद्दल बोलतो, तो प्रसंग पुन्हा पाहा. पहिल्यांदा आईच्या धाकात पिचलेल्या मुलाची कीव येते. सत्य कळल्यावर ती ओसरायला हवी, पण माझ्या बाबतीत ती वाढली.

भयकथेत तर फोडण्यासारखं काही असतंच असं नाही. शर्ली जॅक्सनच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’मध्ये (1959) एलिनॉर अंधारात थिओडोराचा हात घट्ट धरून पडलेली असते. दिवा लागतो तेव्हा थिओडोरा पलीकडच्या पलंगावर असते. मग हात कोणाचा होता? कादंबरी सांगत नाही. मला तो प्रसंग पाठ आहे, तरी तिथे आले की वाचनाचा वेग आपोआप मंदावतो.

‘हे शाळकरी वयात वाचायचं असतं’ असंही तुम्ही म्हटलंय. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी मी त्याच वयात वाचले, आणि आजही वाचते. मतकरींच्या गूढकथांत तेव्हा मला फक्त विलक्षण घटना दिसायची. आता त्या घरातली माणसं दिसतात, त्यांची असूया, त्यांचं एकटेपण, आणि भीती मुळात तिथूनच येते हे कळतं.

माझं ऐकून रेंडेल वाचायच्या ठरवल्यात तर कादंबरी आधी आणि चित्रपट नंतर. उलट क्रमाने गेलात तर ते पहिलं वाक्य तुमच्यावर हवं तसं काम करणार नाही. आणि वाचताना एखाद्या पानावर ‘आता यात काही उरलं नाही’ असं वाटलं, तर ते पान कोणतं ते मला जरूर कळवा.