तारण म्हणजे पापाचा परवाना?

एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: ‘ख्रिस्ती धर्मात तारणाला, म्हणजे पापातून सुटका मिळायला, फक्त विश्वास लागतो. आयुष्यभर पापं करा, मरता मरता येशूचं नाव घ्या, स्वर्ग पक्का. कर्माची किंमत शून्य. म्हणजे हा पापाचा परवानाच. आणि भला माणूस विश्वासाअभावी नरकात!’ कृपेने, विश्वासाद्वारे तारण ही शिकवण खरीच आहे. पण तिच्यावर रचलेला इमला तपासून पाहू.

परवान्याचा आक्षेप आजचा नाही. पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रेषिताने इ.स. 57च्या सुमारास रोममधल्या ख्रिस्ती मंडळींना पत्र लिहिलं, तेच बायबलमधलं ‘रोमकरांस पत्र’. त्यात तिसऱ्या अध्यायात तो वैतागून सांगतो की, ‘चांगलं व्हावं म्हणून वाईट करू या’ असं आम्ही शिकवतो, असा आळ काही जण आमच्यावर घेतात. सहाव्या अध्यायात तोच प्रश्न स्वतः मांडतो: कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं का? उत्तर आहे, मुळीच नाही. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी खोडलेला आळ नव्या शोधासारखा फिरवला जातोय, एवढंच.

आता ‘फक्त विश्वास’. नव्या करारातला, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातला, मूळ ग्रीक शब्द ‘पिस्तिस’. त्यात विश्वास आहे, भरवसा आहे आणि निष्ठाही आहे. देव आहे हे नुसतं मान्य करणं म्हणजे विश्वास असेल, तर नव्या करारातल्याच याकोबाच्या पत्रातला टोमणा वाचावा: भुतंही तसा विश्वास धरतात आणि थरथर कापतात. ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द नव्या करारात एकदाच येतात, तेही याकोबाच्याच पत्रात आणि नकारासह. रोमकरांस पत्रातल्या विश्वासाबद्दलच्या वाक्यात ‘केवळ’ घातलं ते जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने, 1522च्या जर्मन भाषांतरात. त्यावरून तेव्हाही रण माजलं होतं. पण ल्यूथर तरी परवाने वाटत होता का? 1517मध्ये तो उठला तोच पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं पैसे घेऊन वाटली जात होती म्हणून. त्याच्या 95 प्रबंधांपैकी पहिलाच म्हणतो की, विश्वासणाऱ्याचं सबंध आयुष्य पश्चात्तापाचं असावं. कॅथलिक आणि ल्यूथरपंथीय यांच्यात या प्रश्नावर शतकानुशतकं फाटलेलं होतं. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबुर्गला दोघांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्याचा आशय असा की, तारण आपल्या पुण्याईने मिळत नाही, कृपेनेच मिळतं, आणि तीच कृपा माणसाला सत्कर्मांसाठी उभं करते. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण ‘कर्म शून्य’ असं दोन्ही बाजूंपैकी कुणीच म्हटलं नाही.

कर्माच्या किमतीबद्दल मला येशूचा एक दाखला सगळ्यात बोलका वाटतो, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला. एका चाकरावर राजाचं दहा हजार तालांत कर्ज आहे. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार, आणि एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी! वर्षाला तीनशे दिवस राबला तरी फेडायला दोन लाख वर्षं. हा गडी म्हणतो, ‘मला वेळ द्या, सगळं फेडीन.’ राजाला कळवळा येतो आणि तो सगळंच माफ करतो. बाहेर पडताच चाकर शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. राजा त्याला परत बोलावतो, आणि माफी गुंडाळून ठेवली जाते. दया फुकट मिळाली होती. ती पुढे गेली नाही, तिथे सगळं बिघडलं. उलट जक्कय या जकातदाराचं बघा. येशू त्याच्या घरी उतरतो, अजून त्याने एक छदामही परत केलेला नसतो. मग तोच उठून सांगतो की, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. क्रम नीट लक्षात घ्या, आधी दया, मग हिशेब.

‘मरता मरता नाव घ्या’ हा टोला येशूच्या शेजारी क्रुसावर खिळलेल्या चोराला आहे, ज्याला येशूने मरणाआधी स्वर्गाचं आश्वासन दिलं. पण त्या चोराचं बोलणं पुरतं वाचलं जात नाही. तो आधी म्हणतो की, आम्ही आमच्या कर्मांचं योग्य फळ भोगतो आहोत. स्वर्गाचं आश्वासन मिळाल्यावरही त्याला क्रुसावरून कुणी खाली उतरवलं नाही, पुढे त्याचे पायही मोडले गेले. आयुष्यभर बेत आखून शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवलेला पश्चात्ताप आणि हा, यांत फरक आहे.

राहिला भला पण अविश्वासी माणूस. मजकुरातला खरा अवघड प्रश्न हाच, आणि तिथे ख्रिस्ती मंडळीही एकमताची नाहीत. कितीतरी सुवार्तिक पंथ आजही म्हणतात की, ख्रिस्तावर उघड विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही. कॅथलिक चर्चने मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेत, 1964मध्ये, लेखी मांडलं की, स्वतःच्या दोषाविना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात आणि विवेकाला पटेल तसं वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं.