घंटांच्या आधी एक भिंगरी होती

डिसेंबर लागला की मॉलमध्ये, कॅफेत, रेडिओवर तीच आठ-दहा इंग्रजी गाणी सुरू होतात. त्यातली काही मलाही आवडतात. पण नाताळचं संगीत म्हणजे एवढंच, असं आपण धरून चालतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

'कॅरोल ऑफ द बेल्स'ची ती भराभर फिरणारी चाल तुम्ही नक्की ऐकली असेल. तिचं मूळ गाणं युक्रेनचं, 'श्चेद्रिक'. मिकोला लेओन्तोविच यांनी लोकगीतावरून ते समूहगायनासाठी बांधलं आणि 1916 मध्ये कीवमध्ये ते पहिल्यांदा सादर झालं. त्यात घंटा नाहीत, बाळ येशूही नाही. एक भिंगरी, म्हणजे स्वॅलो हा छोटा पक्षी, उडत घरात येते आणि धन्याला हाका मारते: बाहेर ये, मेंढ्यांचा वाडा बघ, कोकरं झालीत, यंदा चार पैसे हाती येतील. वर त्याच्या बायकोच्या काळ्याभोर भुवयांचं कौतुकही करते! आपल्याकडे वासुदेव दारी येऊन घराचं भलं चिंततो ना, तशीच ही नव्या वर्षाला दारोदार गायची गाणी. ऐन थंडीत भिंगरी कुठून आली? तर फार पूर्वी तिथलं नवं वर्ष वसंतात सुरू व्हायचं. पुढे कालगणना बदलली, गाण्यातला पक्षी मात्र राहिला.

1919 मध्ये युक्रेनच्या तरुण प्रजासत्ताकाने आपली ओळख जगाला व्हावी म्हणून एक गायकवृंद परदेशी पाठवला. 1922 मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये 'श्चेद्रिक' गायलं. तोवर लेओन्तोविच हयात नव्हते. जानेवारी 1921 मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या हस्तकाने वडिलांच्या घरी त्यांना गोळी घातली होती. घंटांचे इंग्रजी शब्द आले ते 1936 मध्ये, पीटर विल्हौस्की यांचे. ते वाईट नाहीत, पण त्यांच्यामागे एक अख्खा देश दिसेनासा झाला.

स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातल्या कॅटलान भाषेतलं 'एल कान्त देल्स ओसेल्स', म्हणजे पक्ष्यांचं गाणं, तर ऐकाच. येशूच्या जन्माचा आनंद तिथे पक्षी गातात. स्पेनमधल्या यादवीनंतर देश सोडावा लागलेले पाब्लो कासाल्स ते चेलोवर वाजवत. 1971 मध्ये, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी ते संयुक्त राष्ट्रसंघात वाजवलं. एकही शब्द नाही, तरी आपला मुलूख सुटलेल्या माणसाची सगळी ओढ त्यात ऐकू येते. मला हे वादन कुठल्याही भव्य कॅरोलपेक्षा मोठं वाटतं.

आणि मराठी माणसाने हे परकं का मानावं? फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगितली आणि 1616 मध्ये ते 'ख्रिस्तपुराण' गोव्यात छापलं गेलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आजही चर्चमध्ये गायली जातात.

मुंबई-पुण्यात, वसईत, गोव्यात डिसेंबरमध्ये कितीतरी गायकवृंद तयारीला लागतात. त्यांतल्या एखाद्याने यंदा 'श्चेद्रिक' युक्रेनियनमध्ये बसवावं, आणि गाण्याआधी लेओन्तोविच यांचं नाव घ्यावं.